बचावफळीचं गाऱ्हाणं

प्रिय रेश्मा,

तुझे बाबा जिंकले.

पहिल्याच ओळीत लिहून टाकलं, कारण तुझा स्वभाव मला ठाऊक आहे. पाकिटावरचं माझं वेडंवाकडं अक्षर ओळखून तू पत्र फाडायला घेणार. फाड, पण पहिली ओळ वाचून फाड. बाकीचं सगळं माझं बोलणं आहे, ते केराच्या टोपलीत गेलं तरी चालेल. ही ओळ मात्र तुझ्या घरची आहे.

फोन करून सांगितलं असतं, पण तू मला ब्लॉक केलंयस. केलंस ते बरंच केलंस म्हणा. फोनवर मी 'कशी आहेस' विचारतो आणि लगेच भांडायला लागतो. पत्रात निदान तुला मध्येच फोन ठेवता येत नाही. पत्ता काकीने दिला, म्हणजे तुझ्याच आईने. मागायला गेलो तर प्रभावतीकाकी नारळ खवत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "माझ्या लेकीक त्रास दिलंस तर तुजे पाय मोडीन. आनी पाय मोडलंय तर ह्येंच्या फुटबॉल टीमचो स्टॉपर जायत. म्हणान सांभाळून लिही." मग उठून कॅलेंडरचं मागच्या महिन्याचं पान फाडलं आणि त्याच्या मागे तुझ्या हॉस्टेलचा पत्ता लिहून दिला. म्हणजे परवानगी आहे असं मी समजतो. तू समजू नकोस हवं तर.

गेल्या वर्षी म्हापशाच्या मैदानातून बाहेर पडल्यावर तू म्हणाली होतीस की यापुढे कुठल्याही मैदानावर पाऊल ठेवणार नाहीस. मी हसलो होतो. मला वाटलं, चार दिवसांत येईल. तू आली नाहीस, आणि पुढच्या महिन्यात बॅग भरून सरळ पुण्याला गेलीस. तू गेल्यावर आपल्या कॉलेजात नुसत्या भिंती उरल्या. मी दुसऱ्या वर्षाला होतो, हजेरी कमी पडली, प्राचार्यांनी बोलावून घेतलं, विचारलं की फुटबॉल की डिग्री. त्या दिवशी डोकं आधीच तापलेलं होतं, मी म्हटलं फुटबॉल, आणि बाहेर आलो. लोक म्हणतात पोरीच्या पायी शिक्षण सोडलं. म्हणू देत. अगदीच खोटं नाही ते. आता सकाळी बाबांचा टेम्पो घेऊन अळसांदे आणि मिरच्या पोचवतो, शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात उभा असतो, आणि संध्याकाळी मैदानावर. कोलवाळच्या पुलावरून जाताना अजून उजवीकडे बघतो. तू बसमध्ये उजव्या खिडकीशी बसायचीस म्हणून. हे वाचून तू कपाळाला हात लावणार, माहीत आहे.

कॉलेज सोडल्याचं घरी कळलं त्या संध्याकाळी आमच्याकडे रणकंदन चाललं होतं. बाबांच्या हातात काठी, आई मधे. तेवढ्यात दारात सगुण सर. (तुला ते बाबा, आम्हाला सर, मी सरच लिहितो. नाहीतर माझं पत्र आहे की तुझं तेच कळायचं नाही.) सरांनी काठीकडे बघितलंही नाही. सरळ स्वयंपाकघरात जाऊन पाटावर बसले आणि आईला म्हणाले, "वैनी, पेज आसा?" मारायला उठलेला माणूस पाहुणा पेज पीत असताना किती वेळ काठी धरून उभा राहणार? बाबा बसले. सर पेज प्यायले, लोणच्याची फोड चोखली, आणि जाताना मला दारात एवढंच म्हणाले, "कॉलेज सोडलंस ते सोडलंस. आता लाईन सोडू नको."

तुझ्या बाबांचं हे काम तू कधी बघितलंच नाहीस, रेश्मा. तू बघितलेस ते हरून घरी आलेले बाबा. बुटांवरचा चिखल पायरीवर खरवडत बसलेले, न जेवता झोपणारे. तू म्हणायचीस, "या खेळाने आमच्या घरात एकदा तरी गोड आणलं का?" पण युवा संघाचा मॅनेजर म्हणजे काय ते घरातून दिसत नाही. आमचा गोलकीपर निलेश मोपाच्या विमानतळावर सामान चढवायला जातो, त्याच्या पाळ्या बदलून घ्यायला सर तिथल्या सुपरवायझरच्या घरी जाऊन बसतात. सिद्धेशचा बाप पितो, तेव्हा सामन्याच्या आदल्या दिवशी सिद्धेश तुमच्याच सोप्यावर झोपतो, हे तुला काकीने सांगितलं असेल. जर्सी धुवायच्या, परीक्षा असली तर पोराला सोडायचं, आणि परीक्षा नसताना 'परीक्षा आहे' म्हणणाऱ्याला ओळखायचं. आणि हे सगळं करून मैदानाच्या कडेला गुडघा चोळत उभं राहायचं, तोंडातून शिवी नाही. मला तर वाटतं मी दिवसभरात घालतो त्या सगळ्या शिव्या सरांच्या वाटणीच्या आहेत.

परवा मडगावहून परतताना बसमध्ये ते माझ्या शेजारी बसले होते. कधी नव्हे ते बोलत होते. खाणपट्ट्यातल्या पाळी गावच्या दिवसांबद्दल. मला माहीतच नव्हतं की तू डिचोलीत वाढलीस. तू स्वतःला अस्सल पेडणेकरीण म्हणवतेस! खाण कंपनीच्या संघात सर स्टॉपर होते, तेव्हा तुम्ही पाळीला कंपनीच्या खोलीत राहायचा, आणि मैदानावरची धूळ एवढी तांबडी की काकी धुतलेले पांढरे मोजेही तांबडेच वाळत घालायची. लोक सरांना 'अडसर' म्हणायचे. दाराला आतून घालतो तो अडसर. तो घातला की आत कोणी येत नाही. सर म्हणाले, "गोल करणाऱ्याचं नाव पेपरात येतं, अडवणाऱ्याचं येत नाही. नाव पायजे तर पुढे जाऊन खेळ." ते स्वतः कधी पुढे गेले नाहीत. फायनलला पोचले, गुडघा गेला, फायनल गेली. मग खाणी बंद झाल्या, ट्रक थांबले, संघ मोडला. पाळीच्या शाळेतल्या मुलांना शिकवत राहिले, पण शिकवायला मुलंच उरली नाहीत, बापांबरोबर गावं सोडून गेली. मग पेडण्याला परत. भात कापलेल्या मळ्यात दोन दगडांचा गोल करून पुन्हा पहिल्यापासून. त्या मळ्यातल्या पहिल्या पोरांत मी होतो. अनवाणी, नाक वाहतंय, आणि पहिल्याच दिवशी एकाशी मारामारी. सरांनी मला कान धरून मागे, गोलच्या पुढ्यात नेऊन उभा केला आणि म्हणाले, "तुला भांडायचंच आहे ना? मग इथे उभा राहा. सगळे भांडायला इथेच येतात." तेव्हापासून मी स्टॉपर.

आता गाऱ्हाण्याचं लिहितो. तू हा भाग वगळायला बघशील. वगळू नकोस.

तुला ठाऊक आहेच, तरी लिहितो, कारण बाहेर कोणाला सांगितलं तर खरं वाटत नाही. बचावफळीतले चौघे एकाच क्षणी पुढे सरकले तर समोरचा फॉरवर्ड आमच्या मागे एकटा पडतो, आणि लाईनमनचा झेंडा वर होतो. ऑफसाईड. पण चौघे म्हणजे चौघे. एक जण जरी पापणी लवेपर्यंत मागे राहिला तर सगळं फुकट. सगळ्या संघांत स्टॉपर 'अप' म्हणून ओरडतो. सरांनी आम्हाला 'अप' ओरडायला लावलं, शिट्टी दिली, टाळी दिली. कधी डावा आधी, कधी उजवा नंतर. मग एक दिवस म्हणाले, "देवळात गाऱ्हाणं घालतात तेव्हा कोण मागे-पुढे होतं का रे? सगळा गाव एका श्वासात 'व्हय म्हाराजा' म्हणतो. तुमी फकत चौघे." त्या दिवसापासून मी 'बा देवाsss' म्हणून हाक द्यायची, आणि चौघांनी 'व्हय म्हाराजा' म्हणत एक उडी पुढे. जमलं! पहिल्याच दिवशी जमलं. कारण ते आम्हाला कोणी शिकवायची गरजच नव्हती, ते आम्ही पाळण्यात शिकलो होतो. पहिल्या मोसमात रेफ्री सरांकडे आला आणि विचारलं, ही पोरं काय ओरडतात? सर गंभीर तोंडाने म्हणाले, "देवाचं नाव घेतात."

आणि मग गेल्या वर्षीची फायनल. म्हापसा. सालसेतचा संघ. बरोबरीत चाललेला सामना, शेवटची काही मिनिटं. आपलं अख्खं गाव गॅलरीत. पांडुरंग आबांना राहवलं नाही. गावातलं प्रत्येक गाऱ्हाणं ज्यांनी घातलं, देवळातलं, लग्नातलं, नव्या रिक्षाचंसुद्धा, ते आबा उठून उभे राहिले, टोपी नीट केली आणि गॅलरीतच गाऱ्हाणं सुरू केलं. बा देवा, ही तुजी लेकरां, ह्यांका यश दी. आणि सगळ्या गॅलरीने मिळून उत्तर दिलं, 'व्हय म्हाराजा'.

मी हाक दिली नव्हती. पण डावा आणि उजवा, दोघे उडी मारून पुढे गेले. मी आणि सिद्धेश जागेवर. डावीकडे एवढी मोठी जागा उघडी पडली, तिथे त्यांनी चेंडू टाकला, आणि संपलं. दुसऱ्या कुठल्या गावाने आपला संघ असा हरवला असेल? देवाला हाक मारून!

त्यानंतर मी कुंपणावर चढलो होतो, आबांकडे जायला, आणि सरांनी मागून जर्सी धरून खाली ओढलं. आबा बिचारे रडत होते. "अरे मी गाऱ्हाणा घातलंय ता तुमका जिंकवूक, हरवूक न्हय रे बाबा..." सगळे एकमेकांना दोष देत होते. त्या गोंधळात एकच माणूस पायऱ्या उतरत होतं. ओढणी तोंडाशी धरून. मी कुंपणावरून बघितलं होतं, रेश्मा. गाव ओरडलं तेव्हा सगळ्यात पुढच्या पायरीवर उभं राहून, दोन्ही हात वर करून, सगळ्यांत मोठ्याने कोण ओरडलं होतं तेही मला माहीत आहे. तुझा आवाज हजार आवाजांतून मला कळतो. हे मी तुला तेव्हा बोललो नाही. तू म्हणालीस अभ्यास आहे, पुण्याला चांगलं कॉलेज आहे, बसचा प्रवास नको, काय काय म्हणालीस. मी सगळ्यावर भांडलो. खऱ्या कारणावर आपण दोघेही भांडलो नाही.

असो. आता जिंकल्याचं सांगतो, नाहीतर हे पत्र बाराव्याचं वाटायला लागेल.

या मोसमाच्या आधी कमिटीची सभा झाली. अध्यक्ष शिवदासबाब म्हणाले, "सगुण, ते देवाचं नाटक बंद. लोक हसतात. सगळ्या जगासारखं 'अप' म्हणा. आणि यंदा नाही जमलं तर आपण पणजीहून दुसरा कोच बघू." सरळ तोंडावर. मी दाराबाहेर होतो, आत घुसणार होतो, सिद्धेशने माझ्या कमरेला मिठी मारून धरलं. आतून सरांचा आवाज आला, शांत. "दुसरा बघा. पण यंदाचा मोसम माझ्या पद्धतीन."

आणि पुढच्या रविवारी त्यांनी काय केलं असेल? गावाला बोलावलं. आम्हाला नव्हे, गावाला! मळ्याच्या बांधावर सगळ्यांना ओळीने बसवलं, बायका, म्हातारे, दुकानदार, रिक्षावाले. पांडुरंग आबांना मधोमध खुर्ची. आबा आधी यायलाच तयार नव्हते, मग आले ते फुरंगटून. "माका शिकयतलंस तू? माज्या बापाशीन गाऱ्हाणी घातल्यान, आज्यान घातल्यान!" सर त्यांच्या पाया पडले आणि म्हणाले, "आबा, देवळात तुमी घालतात, आमी उत्तर देतो. मैदानात हो श्रीनाथ घालतलो, तुमी उत्तर द्यायचें. श्रीनाथचो हात वर गेलो की श्वास घेवचो. हाक आयकली की 'व्हय म्हाराजा'. हात खाली आसा तोवर तोंडातल्यान शब्द न्हय. देव आला तरी न्हय." शिवदासबाब सायकलीवरून जात होते, थांबून ओरडले, "सगुण, पोरांना शिकव रे! प्रेक्षकांना काय शिकवतोस?" सर म्हणाले, "पोरांना येतं. राहिलंय ते तुमचंच."

तू असायला हवी होतीस, देवाशप्पथ. बायका हसून हसून लोळत होत्या. कोण लवकर, कोण उशिरा. पोदेर संध्याकाळचे पाव घेऊन आला तो सायकल लावून बांधावरच बसला, आणि माझा हात वर गेला की उत्साहाच्या भरात भोंपू वाजवायचा. आबांनीच शेवटी त्याला झापलं, "तो पाव विकूक वाजय, हंय गाऱ्हाणा चालू आसा." आबा बदलले त्या दिवशी! दुसऱ्या रविवारपासून तेच सगळ्यांना ओरडायला लागले. काकी दर रविवारी हजर. तुझी बसायची जागा, बांधाच्या टोकाला आंब्याखालची, तिथे ती कोणाला बसू देत नव्हती. छत्री ठेवायची तिथे.

मोसमभर चाललं ते. गाव जिथे जाईल तिथे माझ्या हातावर नजर ठेवून बसायचं. मला एवढी जबाबदारी कधी कोणी दिली नव्हती. डोक्यात राग आला की माझे हात आपोआप उचलतात, तुला ठाऊक आहे, आणि आता हात उचलायचा म्हणजे अख्ख्या गावाचा श्वास उचलायचा. मला वाटतं सरांनी ती खूण मुद्दाम माझ्या हाताची ठेवली. वर्षभरात मला एकही लाल कार्ड मिळालं नाही. हे वाक्य पुन्हा वाच.

परवा फायनल. पुन्हा सालसेत, आणि या वेळी त्यांच्या दारात, मडगावला. आपल्या बसगाड्या निघाल्या तेव्हा गावात कुत्री तेवढी उरली होती. सिद्धेशने कॉर्नरवर डोकं लावून आमचा गोल केला, आणि मग उरलेला सगळा वेळ त्यांनी आम्हाला आमच्याच भागात कोंडून ठेवलं. त्यांचा तो लांब केसांचा फॉरवर्ड, गेल्या वर्षी गोल मारलेला, सारखा माझ्या कानाशी. "आरे भटा, घाल मरे तुजें गाराणें! गांव खंय गेलो?" त्याने कोपर मारलं, जर्सी ओढली. माझ्या डोळ्यांपुढे लाल व्हायला लागलं. कडेला बघितलं तर सर. ते दरवेळी ओरडतात तसं 'तकली थंड दवर', डोकं थंड ठेव, असंसुद्धा ओरडले नाहीत. नुसते उभे, दोन्ही हात मागे बांधून. आणि त्यांच्या मागे, गॅलरीभर आपलं गाव, चिडीचूप. मडगावची माणसं ढोल वाजवताहेत आणि आपली माणसं तोंडं मिटून माझ्या हाताकडे बघताहेत. आबा खुर्चीवर नव्हते, उभे होते, टोपी हातात.

शेवटची काही मिनिटं. त्यांच्या हाफने मान वर केली, चेंडू टाकायच्या बेतात. तो लांब केसांचा माझ्या खांद्याला खांदा लावून पळायच्या तयारीत. त्याला एक लाथ घालावी असं माझ्या पायाला फार वाटत होतं. मी हात वर केला. मला ऐकू आलं, खोटं सांगत नाही, गावाने श्वास घेतलेला मला ऐकू आला. मी बेंबीच्या देठापासून ओरडलो, 'बा देवाsss', आणि मागून, रेश्मा, मागून जे उत्तर आलं त्याने पाठीत धक्का बसावा तसे आम्ही चौघे एकदम पुढे गेलो. ढोल बंद पडले. चेंडू गेला, तो पळाला, निलेशला चुकवून जाळ्यातही घातला त्याने, शर्ट काढून नाचायलाही लागला. मग त्याने वळून बघितलं. लाईनमनचा झेंडा उभा.

शिट्टी झाल्यावर काय झालं ते लिहायला मला येणार नाही. आबा मैदानात आडवे झाले, कोणीतरी म्हणालं अटॅक आला, तर ते माती कपाळाला लावत होते. शिवदासबाब सगळ्यांना सांगत सुटले होते की ही कल्पना मुळात कमिटीची. तो लांब केसांचा माझ्याकडे आला, मला वाटलं आता होणार, तर त्याने मिठी मारली आणि विचारलं, "तें म्हाका शिकय मरे." आणि सर? सर गोलच्या खांबाला टेकून खाली बसले आणि बूट काढले. चषक आम्ही त्यांच्याकडे नेला, तर हात पुसून घेतले आधी. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा हातात आला होता. तो कसा धरायचा ते त्यांना कळत नव्हतं, कळशी धरतात तसा कमरेवर धरला. काकीने ते बघितलं आणि तोंडात पदर घातला.

परतताना बसमध्ये, सगळे गाऊन गाऊन घसा बसलेले, झुआरीचा पूल मागे पडला तेव्हा मी सरांना म्हटलं, ही गाऱ्हाण्याची युक्ती तुम्हाला सुचली तरी कशी? ते खिडकीतून बघत म्हणाले, "माझी न्हय ती. रेश्माची." मग त्यांनी सांगितलं. तू तीन-चार वर्षांची असशील, गावच्या जत्रेला पाळीहून आला होता तुम्ही. गर्दी म्हणून तुला खांद्यावर घेतलं होतं. आबा गाऱ्हाणं घालत होते, सगळं गाव 'व्हय म्हाराजा' म्हणून थांबायचं, आणि मग दरवेळी त्यांच्या डोक्यावरून तुझा एकटीचा आवाज यायचा, उशिरा, सगळ्यांत मोठ्याने, 'व्हय म्हाराजा!' लोक हसायचे. सर म्हणाले, "तेव्हा पयल्यांदा माझ्या ध्यानात आयलें. एवढे लोक, आनी चुकता तें फकत माझें चेडूं. बाकी सगळो गांव एक." तेच त्यांनी कित्येक वर्षं मनात ठेवलं आणि आम्हाला दिलं. कोलवाळचा पूल आला तेव्हा म्हणाले, "त्या दिवशी म्हापशात ती पुढच्याच पायरीवर होती. मी आयकलेला. एवढा मोठा आवाज आसा तिचो." मी विचारलं, मग तिला सांगत का नाही? तर म्हणाले, "काय सांगू? तुझी चूक न्हय म्हणान सांगलें तर तिका वाटतलें, चूक आसली म्हणानच सांगता."

म्हणून मी सांगतोय. मला असला विचार करता येत नाही, मी सरळ सांगतो. त्या दिवशी डावा-उजवा पुढे गेले ते गावाच्या आवाजाने गेले, एकट्या तुझ्या नव्हे. आणि जिंकलो तेही त्याच आवाजाने. जो आवाज गेल्या वर्षी चुकला तोच यंदा शिकला. शिकायला नव्हती ती एकटी तू. तुझ्या जागेवर वर्षभर छत्री बसली.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला बसलो ते. राज्याचा चषक जिंकला म्हणून आम्हाला पुढच्या स्पर्धेला जायचं आहे, आणि ती पुण्याला आहे, पुढच्या महिन्यात, तुझ्या हॉस्टेलपासून रिक्षाने जाण्याएवढ्या अंतरावर. सरांनी मला बजावलंय, तिला कळवायचं नाही, यायचं तर आपणहून येईल. मी नाही ऐकलं. गाव पुण्याला येऊ शकत नाही, रेश्मा. भात कापणीला आलंय, आबांना प्रवास झेपत नाही, काकी तेवढी येणार म्हणते. मी हात वर करीन, हाक देईन, आणि मागून कोणी नसेल. चौघांच्या मागे कोणीतरी लागतं, याची आम्हाला आता सवय झाली आहे. हजार नकोत. एक आवाज मोठा असला तर पुरतो, आणि तो कोणाचा ते बापाला आणि मला दोघांनाही ओळखता येतं. उशीर झाला तरी चालेल, तुझा तो जुनाच धंदा आहे. तर बा देवा म्हाराजा, ही तुजी लेकरां परमुलखात खेळायला निघाली आहेत, त्यांच्या सरांच्या पाठीशी त्यांची लेक उभी राहू दे रे म्हाराजा. आणि हा एक डोकं तापलेला स्टॉपर आहे, त्याचं जे काही मागणं आहे ते तुला आणि तिला दोघांनाही ठाऊक आहे, तेही एक दिवस कानावर घे रे म्हाराजा. मी हात वर करून उभा आहे. पुढचे दोन शब्द माझे नाहीत.

तुझाच, हात वर धरून,
श्रीनाथ